कल्ले उघडून दाखवा

४ ऑक्टोबर १९९९, सोमवार

मी मॅनेजर झालो! हे एक वाक्य लिहायलाच ही डायरी उघडली आहे. काळं चामडी कव्हर, कोपऱ्यात बलदियाचा सोनेरी शिक्का. बलदिया म्हणजे इथली, आखातातली नगरपालिका, आणि ती असल्या डायऱ्या फक्त मॅनेजर लोकांना देते. वर्ष संपत आलेलं असताना अख्ख्या वर्षाची डायरी मिळाली, त्यामुळे जानेवारीपासूनची सगळी पानं कोरी. डोरोथी म्हणाली, "दे इकडे, मी त्यात लोणच्यांचं लिहीन." मी म्हटलं, हात लावायचा नाही, सरकारी वस्तू आहे.

तर, ऑस्कर तुस्कानो, राहणार गास, तालुका वसई, कालपर्यंत मासळी बाजाराचा इन्स्पेक्टर, आजपासून मुदीर, म्हणजे मॅनेजर. बंदरापाशी नवा एअरकंडिशन्ड बाजार बांधला जातोय. फेब्रुवारीत उघडायचा आहे. फीत मोठी माणसं कापतील, पण बाजार उभा करणार मी. मला तर आत्ताच उठून नाचावंसं वाटतंय.

एकच बारीक गोष्ट. मॅनेजरचं कंत्राट नव्या पद्धतीचं आहे. अमेरिकेहून एक कन्सल्टंट आलाय, लाल चेहऱ्याचा, हसरा. त्यानं आम्हां सगळ्या नव्या-जुन्या मॅनेजरना हॉलमध्ये बसवून समजावलं. त्याच्या गावच्या नगरपालिकेत सगळे मॅनेजर म्हणे असेच असतात. साहेबाची मर्जी आहे तोवर खुर्ची. कधीही, कारण न देता, दोघांपैकी कुणीही खलास म्हणू शकतं. म्हणून तिकडे कामं झटपट होतात. आमच्या जुन्या कागदावर काढायचं झालं तर आधी दोष लिहून द्यावा लागायचा, वर कमिटी बसायची. आता ती भानगडच नाही.

बागांचा मॅनेजर तय्यिब, उंचेला सुदानी माणूस, त्यानं हात वर करून विचारलं, "मग मॅनेजरला कारण सांगतं कोण?" कन्सल्टंट हसला आणि चहाची सुट्टी झाली.

मी लगेच सही केली. 'दोघांपैकी कुणीही' हे मला फार आवडलं. उद्या मनात आलं तर मीही उठून जाऊ शकतो!

"उठून कुठे जाशील?" डोरोथीनं विचारलं. "तिघांचे व्हिसा तुझ्या नोकरीला टाचलेत. माझा क्लिनिकचा जॉब त्या व्हिसावर. मार्चमध्ये पामेलाची बारावीची बोर्डाची परीक्षा. मध्येच तुला नको म्हणाले, तर काय पोरीला पेपर अर्धे टाकून वसईला न्यायची?"

"अगं, काम चोख असलं की कोण नको म्हणतंय?"

"हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या पाठी," असं म्हणत ती भांडी घासायला गेली. बायकांना आनंद पचत नाही.

१८ ऑक्टोबर, सोमवार

आज मजा आली. मला असिस्टंट मिळाला. खमीस नाव, इथलाच, कॉलेजातून ताजा ताजा. पांढऱ्याशुभ्र कंदुऱ्यात, म्हणजे इथल्या पायघोळ झग्यात, सकाळच्या लिलावाला आला आणि पहिल्याच मिनिटाला माशाच्या पाण्यात घसरता घसरता वाचला. तुकारामनं त्याला सावरलं. तुकाराम गुहागरचा, बाजाराच्या साफसफाईचा फोरमन. मला हळूच म्हणतो, "साहेब, ह्यांना गमबूट द्या नायतर उद्या शिटीवर येतील." शिटी म्हणजे अँब्युलन्स.

आज नेमका बू सुहैलचा माल खराब निघाला. बू सुहैल म्हणजे आमचा सगळ्यात जुना दलाल. लिलाव पुकारणाऱ्याला इथंही दलालच म्हणतात. आवाज असा की समुद्रातल्या बोटी थांबाव्यात. त्याच्या कनदच्या पेट्या होत्या, कनद म्हणजे आपली सुरमई. मी म्हटलं, हे विकायचं नाही. तो उसळला. "मैं चालीस साल समंदर में! तू मेरे को सिखाएगा?"

मी एक मासा उचलला, कल्ले उघडून त्याच्यासमोर धरले. विटकरी रंग, चिकट. पोटावर अंगठा दाबला, खळगा तसाच राहिला. मग मासा त्याच्या नाकाला लावला. बू सुहैलनं तोंड फिरवलं, आणि मग स्वतःच्या हातानं पेट्या तुकारामच्या ढकलगाडीत रिकाम्या केल्या. शिव्या घातल्या, पण त्या बर्फवाल्याला.

खमीस बघतच राहिला. "ऑस्कर भाई, आप मुदीर हो. फेंक सकते हो. इतना दिखाने का क्या ज़रूरत?"

मी त्याला सांगितलं, या बाजाराचा एकच कायदा ध्यानात ठेव. दुसऱ्याचा मासा फेकायचा तर आधी त्याला कल्ले उघडून दाखवायचे. दाखवलं की माणूस भांडतो आणि उद्या सुधारतो. न दाखवता फेकलं की तो गप्प बसतो आणि उद्यापासून तुला चोर समजतो. माझी आई वसईला पापडीच्या बाजारात असंच करायची. कल्ले बघितल्याशिवाय पदराची गाठ सोडायची नाही, आणि कोळीणसुद्धा न सांगता स्वतः उघडून दाखवायची.

पोरगा हुशार आहे. सगळं लक्ष देऊन ऐकतो. असा शिष्य मिळायला नशीब लागतं.

५ नोव्हेंबर, शुक्रवार

चर्चमध्ये मासला जाऊन आल्यावर खमीसला जेवायला बोलावलं होतं. डोरोथीनं आमच्या वसईच्या बाटली मसाल्यातली कोळंबी आणि तळलेले गोलगोल फुगे केले. आधी त्यानं फुगा भजीसारखा दोन बोटांत धरला, आणि मग एकामागून एक कोळंबीच्या रश्शात बुडवून खाल्ले. पामेलाशी इंग्रजीत बोलला. ती त्याला म्हणाली, "माय डॅड टॉक्स अबाउट फिश इन हिज स्लीप." तो इतका हसला!

जेवताना प्रश्नच प्रश्न. बर्फ कुठल्या फॅक्टरीतून, पहाटे गेट कोण उघडतं, कुठल्या बोटीवाल्याशी कसं बोलायचं, डायरेक्टरसाहेबांना रिपोर्टमध्ये काय आवडतं. मी सगळं सांगितलं. हातचं काही राखलं नाही. निघताना डोरोथीनं त्याला कोळंबीच्या लोणच्याची बरणी दिली.

तो गेल्यावर म्हणाली, "हा मासळीबद्दल कमी विचारतो आणि तुझ्या खुर्चीबद्दल जास्त."

मी म्हटलं, "त्याला काम शिकायचंय."

"तेच म्हणतेय मी."

काय म्हणते ते तिलाच ठाऊक.

५ डिसेंबर, रविवार

तय्यिबला काढलं. सकाळी आला, दुपारी गेला. कारण नाही. अख्ख्या बलदियात तो एकेका टेबलापाशी थांबून विचारत होता, "माझं काय चुकलं, तुला काही ठाऊक आहे?" मला त्याच्याकडे बघवेना. कुणी म्हणालं, मोठ्या रस्त्याच्या दुभाजकावरचं गवत पिवळं पडलं म्हणून. कुणी म्हणालं, त्यानं रोपं नातेवाइकाच्या नर्सरीतून घेतली. मी घरी येऊन डोरोथीला म्हटलं, काहीतरी असणारच. विनाकारण कोण काढतं?

"त्याचं घर, मुलं?" तिनं विचारलं.

खार्टूमला परत.

तिनं रोझरी घेतली आणि मणी ओढत बसली. मला मात्र उद्याचं टेन्शन आहे. नव्या बाजारात थंड्या कपाटांची पहिली गाडी येणार आहे!

११ जानेवारी २०००, मंगळवार

ईद झाली, नवं शतक लागलं, कॉम्प्युटर काही बंद पडले नाहीत, आणि मला नवी डायरी मिळाली. या वेळी खरोखर जानेवारीत! खमीसनं बरणी परत आणली ती खजुरांनी भरून. रिकामं भांडं परत करायचं नाही हे त्याला डोरोथीनंच सांगितलं होतं. पोरानं लक्षात ठेवलं. तिनं ती पुन्हा लोणच्यानं भरून त्याच्या हातात दिली.

डायरेक्टरसाहेबांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "ऑस्कर, तुझ्या डोक्यात जे आहे ते सगळं लिहून दे. अख्खा बाजार चालवायचा कसा, पहाटेपासून रात्रीपर्यंत. ओपनिंगच्या आधी हवं." एवढा मान! बलदियात आजवर कुणाला पुस्तक लिहायला सांगितलं नव्हतं. मी बोलतो आणि पामेला अभ्यासातून वेळ काढून घरच्या कॉम्प्युटरवर टाइप करते. पहिलं प्रकरण अर्थातच कल्ल्यांचं.

आज पामेला टाइप करता करता म्हणाली, "डॅडी, आफ्टर धिस एनीबडी कॅन डू युअर जॉब."

मला धन्य वाटलं. म्हणजे इतकं सोपं लिहिलंय मी!

१४ फेब्रुवारी, सोमवार

नव्या बाजारात पाणी सोडून बघितलं. उतार बरोबर! मी स्वतः पँट वर करून नळीनं फरशी भिजवली आणि सगळं पाणी शहाण्या मुलासारखं गटाराकडे चालत गेलं. तुकाराम टाळ्या वाजवायला लागला. जुन्या बाजारात चौदा वर्षं गुडघाभर घाणीत उभा राहिलो, आणि आता ही पांढरी फरशी, थंड हवा, प्रत्येक ओट्याला वेगळा नळ. वल्ला, देवाशपथ, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खमीसनं माझी गळाभेट घेतली, माझे हात माशाचे असूनसुद्धा.

माझ्या खोलीच्या दारावर पाटी लागली. नुसतं 'मुदीर' लिहिलंय, खाली नाव नाही. पाटीवाल्याला विचारलं तर म्हणाला, "नाम अभी नहीं डालने को बोला साब." आधुनिक पद्धत आहे. माणूस मोठा नाही, पद मोठं. मला पटलं.

डोरोथीला पाटीचं सांगितलं. ती म्हणाली, "पामेलाच्या सगळ्या सर्टिफिकेटांच्या झेरॉक्स काढून ठेव." कशातलं काय काढते ही बाई!

२३ फेब्रुवारी, बुधवार

उघडला! उघडला! उघडला!

फीत, अत्तर, गहवा (इथली कॉफी), कॅमेरे. मोठी मंडळी आत येणार तेवढ्यात हमूर माशाच्या ओट्याखालचा पाइप सुटला. मी आणि तुकाराम चपळाईनं आडवे झालो, मी हातानं पाइप धरून ठेवला, आणि मिरवणूक आमच्यावरून पुढे गेली. कुणाला थेंबभर कळलं नाही. डायरेक्टरसाहेबांच्या शेजारी खमीस होता, पाहुण्यांना सगळं तोच समजावत होता. आणि काय समजावलं! माझी वाक्यं, माझेच हातवारे. शेवटी एक कनद उचलून पाहुण्यांना कल्ले उघडून दाखवले. लालभडक. सगळे वाहवा करत होते आणि मी ओट्याखालून बघत होतो.

फोटोत माझं फक्त कोपर आलंय. पामेलानं त्याभोवती पेनानं गोल काढून फ्रिजवर लावलं.

बू सुहैलनं नव्या छताखाली पहिला लिलाव पुकारला. आवाज इतका घुमला की तो स्वतःच दचकला. आयुष्यात इतका आनंदाचा दिवस मी पाहिला नाही. हो, लग्नाचा सोडून. (डोरोथी मागून वाचते आहे.)

२६ फेब्रुवारी, शनिवार

मला काढलं.

२७ फेब्रुवारी, रविवार

काल पुढे लिहवेना. आज लिहितो.

डायरेक्टरसाहेबांनी गहवा मागवला, माझ्या पुस्तकाची स्तुती केली. म्हणाले, खमीस आजपासून मुदीर. मला वाटलं मला आणखी वर चढवतायत. खोटं कशाला लिहू, मी त्यांचे आभार मानणार होतो. मग त्यांनी कागद पुढे सरकवला. सेवा संपली, आभार.

मी म्हटलं, "साहेब, कारण?"

ते खरोखर अवघडले. वाईट माणूस नाही तो. म्हणाले, "कारण सांगितलं की तू त्यावर भांडणार, वकील म्हणतो सांगू नका. कागदात लागत नाही. तू सही केली होतीस."

केली होती. हसत केली होती.

व्हिसा महिनाभर चालेल. पामेलाचे शेवटचे दोन पेपर त्याच्या पलीकडे जातात. दुसरा स्पॉन्सर मिळाला नाही तर तिला ते टाकून निघावं लागेल. ती म्हणाली, "इट्स ओके, डॅडी," आणि बाथरूममध्ये गेली, नळ सोडला.

डोरोथी एक अक्षर बोलली नाही. मेंढीचं नाही, लांडग्याचं नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

२८ फेब्रुवारी, सोमवार

डोकं फुटायची वेळ आली. कशामुळे? पाइप? की ईदला मी साहेबांना उशिरा मुबारक म्हटलं? की गेल्या महिन्यात बर्फाच्या फॅक्टरीवाल्याशी जोरात बोललो, तो कुणाचा तरी साडू असेल? की कंदुऱ्यातल्या लोकांमध्ये मी पँट वर करून फिरत होतो ते? एकेक आठवतं आणि एकेक खरं वाटतं. नुसतं एक कारण कुणी हातात दिलं असतं, अगदी वाईटातलं वाईट, तर मी ते घेऊन गप्प झोपलो असतो.

संध्याकाळी तुकारामचा फोन. "साहेब, रागावू नका. बाजारात बोलतायत. ऑस्करच्या घरी रोज सुरमईच्या पेट्या जायच्या, म्हणून काढलं."

मी? मी चौदा वर्षांत एक मांदेलीसुद्धा पैसे दिल्याशिवाय नेली नाही!

"मला माहीत आहे साहेब. पण ते म्हणतात, काहीतरी असणारच, विनाकारण कोण काढतं."

फोन ठेवल्यावर तय्यिबची आठवण आली. बागांचा, उंचेला. हेच मी बोललो होतो, याच खोलीत, जेवता जेवता.

१ मार्च, बुधवार

पामेलाचा पहिला पेपर बरा गेला.

दुपारी बू सुहैल घरी आला. लिफ्टमध्येच त्याचा आवाज ऐकू आला. नव्या बाजारात त्याच्या मुलांचे ओटे आहेत, त्यांवर त्याला भरवशाचा माणूस हवा. व्हिसा तो देईल. "यल्ला, उद्यापासून ये. तुझ्यासारखं नाक माझ्या तिन्ही पोरांना मिळून नाही."

मी नाही म्हटलं.

डोरोथीनं माझ्याकडे असं बघितलं की मी तिथंच मेलो. पण मी काय करू? त्याच फरशीवर, तीच माणसं, आणि प्रत्येकाच्या डोक्यात की हा पेट्या चोरणारा. मी मासा हातात घेतला की मागून हसणार. बू सुहैलला तसं सांगितलं. तो खाली बघायला लागला. म्हणजे त्यानंही ऐकलंय, आणि त्यालाही नक्की माहीत नाही. तरी आला, हे त्याचं मोठेपण.

"हबीबी, विचार कर," एवढंच म्हणून गेला. पहिल्यांदाच हळू आवाजात.

डोरोथी म्हणाली, "पामेलाचे दोन पेपर तुझ्या नाकापेक्षा लहान आहेत का?"

पण मी गेलो नाही बाजारात.

३ मार्च, शुक्रवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

मासहून आलो तर जिन्यात खमीस उभा. हातात डोरोथीची बरणी, खजुरांनी भरलेली. मला वाटलं दार लावून घ्यावं. पण दार डोरोथीनं उघडलं. बरणी घेतली नाही. हाताची घडी घालून उभी राहिली आणि तिच्या त्या वसईच्या हिंदीत म्हणाली, "मेरा नवरा किसी का मच्छी फेंकता है तो कारण दिखाता है. तुम लोग ने उसको फेंका. दिखाव कारण."

मी म्हटलं, डोरोथी, जाऊ दे. ती म्हणाली, तू गप्प बस.

खमीस बरणीकडे बघत म्हणाला, "कारण मैं हूँ."

त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. बाजार उघडेपर्यंत ऑस्कर, मग खमीस, असं साहेबांनी त्याला आधीच सांगितलं होतं. खुर्ची त्याला हवी होती. त्याचा बाप मासेमारी करायचा. या बाजाराचा मुदीर आपल्यातला असावा असं घरच्या सगळ्यांना वाटायचं. "आप में कोई ऐब नहीं, ऑस्कर भाई. आपने मेरे को सब सिखाया, इसलिए हो सका. रात को नींद नहीं आती. वल्ला."

विचित्र गोष्ट लिहितो. मला राग यायला हवा होता. आला नाही. गेल्या शनिवारपासून छातीवर जो दगड होता तो उतरला. कारण होतं! माणसासारखं कारण, कुणालाही कळेल असं. त्याच्या जागी मी असतो आणि पापडीच्या बाजाराचा प्रश्न असता, तर मलाही खुर्ची हवीशी वाटली असती. मला भूक लागली, खरंच, कडकडून भूक लागली.

डोरोथीला मात्र तेवढं पुरलं नाही. "यहाँ घर में नहीं. बाजार में बोलो. उधर सब इसको चोर बोलते हैं."

खमीसचा चेहरा उतरला. म्हणाला, त्यानंही तसल्याच कागदावर सही केली आहे. साहेबांच्या कानावर गेलं तर त्यालाही कारणाशिवाय घरी पाठवतील, आणि साहेबांचा पुतण्या यंदा कॉलेज संपवतोय.

"मग आता कळलं कसं वाटतं ते," डोरोथी मराठीतच म्हणाली. त्याला ते बरोबर कळलं.

बरणी उंबऱ्यावर ठेवून तो गेला. ती अजून तिथंच आहे. डोरोथी आत घेऊ देत नाही.

५ मार्च, रविवार

पहाटेच तुकारामचा फोन. "साहेब, पळत या. टॅक्सीनं या. विचारू नका."

मी आलो तो लिलावाच्या ओट्याभोवती सगळी गर्दी. खमीस बू सुहैलच्या लाकडी पेटीवर चढला होता, गमबुटांत. बू सुहैल त्याच्या बाजूला उभा राहून त्याचं प्रत्येक वाक्य आपल्या आवाजात पुन्हा पुकारत होता, आधी अरबीत, मग हिंदीत, जसा माशाचा भाव पुकारतात तसा. ऑस्करनं काही घेतलं नाही! ऑस्करचं काही चुकलं नाही! ही जागा मला हवी होती, म्हणून त्याला काढलं! ज्याला शंका आहे त्यानं माझ्यासमोर बोलावं!

थंड्या कपाटांची घरघर ऐकू येत होती. मग कोपऱ्यातून एक मलबारी मासेवाला ओरडला, "अपुन पहिले से बोलता था!" आणि सगळे हसायला लागले, कारण पेट्यांचं तोच सगळ्यात जास्त बोलत होता.

खमीस उतरून माझ्यासमोर आला. मी त्याचे हात हातात घेतले. म्हटलं, "हमूरच्या ओट्याखालचा पाइप बघितलास का पुन्हा?"

"रोज बघतो," तो म्हणाला.

बू सुहैलनं सगळ्यांदेखत विचारलं, येतोस की नाही? मी होय म्हटलं. घरी आलो तर उंबऱ्यावर बरणी नव्हती. ती स्वयंपाकघरात होती, धुऊन पुसून, आणि डोरोथी कोळंबी सोलत होती. मी तिला उचलून गोल फिरवलं. आमच्या वयात करू नये, कंबर धरली. पामेला ओरडली, "यू टू आर सो एम्बॅरसिंग!" आणि परत केमिस्ट्रीला बसली.

२९ मार्च, बुधवार

बऱ्याच दिवसांत लिहिलं नाही, वेळच नाही. व्हिसाची धावपळ शेवटपर्यंत चालली. बलदियाचं ना-हरकत पत्र खमीसनं स्वतः साहेबांपुढे उभं राहून सही करून आणलं. साहेब त्याला काय म्हणाले ते तो सांगत नाही. अजून तरी खुर्चीवर आहे. दारावरच्या पाटीखाली अजूनही नाव घातलेलं नाही, हे मी रोज जाता-येता बघतो, आणि रोज त्याच्यासाठी एक 'आमच्या बापा' ही प्रार्थना म्हणतो.

आज पामेलाचा शेवटचा पेपर झाला. गेटातून बाहेर आली तीच दोन्ही हात वर करून. "डन! डॅडी, आय ॲम डन!" रस्त्यातच मला मिठी मारली आणि मग म्हणाली, "यू स्मेल ऑफ फिश." तर काय, मी आता अत्तर विकतो का? येत्या रविवारी— नाही, इथं रविवार म्हणजे शुक्रवार— सुट्टी घेऊन तिला समुद्रावर न्यायचं कबूल केलंय.

आणि सकाळची गंमत राहिलीच. मुदीरसाहेब तपासणीला आले. माझ्या ओट्यापाशी थांबले. कुणाचीही भीडभाड नाही. थर्मामीटर काढून माझ्या सुरमईत खुपसला, बघितलं, पुन्हा खुपसला. मी म्हटलं, खमीस, कळतं का तुला, कुणाच्या मालाला हात लावतोस? बाजूचे सगळे मजा बघायला जमले. त्यानं शांतपणे मासा उचलला, कल्ले उघडून माझ्या नाकासमोर धरले. मग खालचा बर्फ हातानं बाजूला करून दाखवला.

"आज सोडतो. उद्या फेकेन," म्हणाला, आणि पॅडवरची नोटीस फाडून माझ्या हातात दिली.

डोरोथीला दाखवायला मी ती घडी करून खिशात आणली आहे. तारीख, ओटा नंबर, सही, शिक्का. आणि मधल्या मोकळ्या जागेत त्याच्या अक्षरात कारण लिहिलंय. मी ते दोनदा वाचलं. बर्फ खरंच कमी होता.